प्लग लावलास का?

सकाळी सात वाजता, बाहेर उणे एकोणचाळीस असताना, ओरेस्टने हिरव्या ट्रॅक्टरची चावी फिरवली आणि आतून फक्त ‘टक्’ असा आवाज आला. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टरने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ओरेस्ट स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ तसाच बसला. मिशीला बर्फ धरला होता, पाय बुटात आहेत की नाहीत ते कळत नव्हतं, आणि अंगणात अजून उजाडायचं होतं.

आमच्याकडे कॅनडातल्या सस्कॅचवानात जानेवारीत डिझेलचं इंजिन नुसत्या चावीने सुरू होत नाही. इंजिनाच्या पोटात विजेचा हीटर बसवलेला असतो, त्याची वायर बाहेर लोंबत असते, आणि रात्री ती प्लगला लावली नाही तर सकाळपर्यंत आतल्या तेलाची काकवी होऊन बसते. म्हणून संध्याकाळी बाहेर जाऊन प्लग लावणं हे देवापुढे दिवा लावण्याइतकं ठरलेलं काम. पाहुणा आला तरी त्याला आधी ‘प्लग लावलास का?’ असं विचारायचं, मग कॉफी. ओरेस्टने काल सहा वाजता स्वतःच्या हाताने प्लग लावला होता. आठ वाजता परत जाऊन, इंजिनाला कान टेकून हीटरची सूं सूं ऐकली होती. एवढी काळजी त्याने जन्मात कुठल्या इंजिनाची घेतली नव्हती, कारण आज अकरा वाजता वासिलला पुरायचं होतं.

वासिल म्हणजे ओरेस्टच्या थोरल्या बहिणीचा, नेटीचा नवरा. नोव्हेंबरात शहरातल्या हॉस्पिटलात गेला तो परत आलाच नाही. चर्च त्यांच्या घरापासून मैलभरावर, टेकाडावर. गावच्या माणसांनी दोन दिवस कोळसे पेटवून, वर पत्रे झाकून तिथली जमीन मऊ केली होती आणि खड्डा खणून ठेवला होता. मग परवा वादळ आलं. घरापर्यंतचा मोठा रस्ता काल सरकारी यंत्राने साफ केला, पण चर्चच्या रस्त्यावर कमरेइतका बर्फ तसाच होता आणि ते यंत्र आता गुरुवारशिवाय येणार नव्हतं. ओरेस्टच्या ट्रॅक्टरला पुढे बर्फ उडवायचं यंत्र होतं, म्हणून तो कालच ट्रॅक्टर घेऊन नेटीकडे मुक्कामाला आला होता. त्याने दोन तासांत रस्ता मोकळा केला असता. नाही केला, तर दुपारी दुसऱ्या गावी जायचं असलेले फादर येव्हेन निघून जाणार, मयताची गाडी शहरात परत फिरणार, आणि जमीन पुन्हा मऊ होईपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, वासिल तिथल्या शीतघरात पडून राहणार.

नेटीने एकच गोष्ट मागितली होती. “त्याला मेपर्यंत त्या कपाटात ठेवू नका रे. त्याला बंद जागा सोसत नाही.”

“मी आहे ना,” ओरेस्ट म्हणाला होता, आणि या खेपेला उशीर करायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. कारण वासिल पस्तीस वर्षं चारचौघांत सांगत आला होता, “आमचा मेहुणा माझ्या मयतालाही उशिराच येणार. बघाच तुम्ही.”

वासिलला तसं म्हणायला कारणही होतं. ओरेस्टला प्लग लावायची आठवण राहायची, काढायची राहायची नाही. सकाळी ट्रॅक्टर सुरू करून तो तसाच निघे, मागे नारिंगी वायर ताणली जाई, तुटे, आणि प्लगचं टोक तेवढं खांबाला लटकत राही. आमच्या भागात याच्याइतकी शोभा दुसरी नाही. वासिलच्या अंगणात असं अकरा वेळा झालं होतं. वासिलने ती अकराही टोकं तारखांच्या चिठ्ठ्या बांधून आपल्या शेडमध्ये एका खिळ्याला टांगली होती, आणि कोणी नांगराचा फाळ मागायला आलं तरी त्याला आधी ती दाखवायचा. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर लाल होता, ओरेस्टच्यापेक्षा वीस वर्षांनी जुना. ओरेस्ट त्याला भंगार म्हणायचा. सूड उगवायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

तो नेटीच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा तिथे चौघं होती. काळ्या पोशाखातली नेटी, समोर न प्यालेली कॉफी. तिची मुलगी डार्लीन. डार्लीनचा नवरा कॉलिन. हा समुद्रकाठच्या व्हिक्टोरियाचा, जिथे म्हणे जानेवारीत फुलं येतात. त्याचा स्वतःचा कोट इथे कुचकामी ठरल्यामुळे त्याने सासऱ्याचा स्वेटर चढवला होता. चौथ्या स्टॅडनिकबाई, चर्चच्या बायकांच्या पुढारी. त्या सहा वाजताच विजेवरची दोन मोठी पातेली घेऊन हजर झाल्या होत्या. एका पातेल्यात होलोप्ची, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, आणि दुसऱ्या पातेल्यातही होलोप्चीच.

“चालू होत नाही,” ओरेस्ट म्हणाला.

नेटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सात वाजून पाच मिनिटं झालीत,” ती म्हणाली.

“ते मला दिसतंय. इंजिन दगड झालंय. काल लावला होता मी प्लग.”

“मामा, माझी गाडी लगेच सुरू होईल बघा,” कॉलिन उत्साहाने म्हणाला. “भाड्याने देणाऱ्या माणसाने बजावलं होतं, रात्री न चुकता प्लग लावा. मी साडेसातलाच लावला.”

“कुठे लावलास?”

“खांबाला. तिथे एक नारिंगी वायर होती, ती काढली आणि...”

डार्लीनने डोळे मिटून घेतले. स्टॅडनिकबाईंनी छातीवर क्रूस काढला.

“ती माझ्या ट्रॅक्टरची वायर होती,” ओरेस्ट म्हणाला.

“मला वाटलं ख्रिसमसच्या दिव्यांची आहे. त्या झाडाकडेच गेलीये ना ती. म्हटलं घरात दुःख आहे, दिवे लागलेले बरे दिसणार नाहीत.”

“दिवे लागले होते का?”

“नव्हते. पण म्हटलं घड्याळावर असतील, रात्री आपोआप लागतील.”

ओरेस्टला त्याच्यावर धड चिडताही येईना. पोराने केलं ते मयताच्या मानासाठीच केलं होतं. “धन्य आहे जावईबापू,” एवढंच तो म्हणाला. मग काहीतरी आठवून थबकला. “थांबा, थांबा. आठ वाजता मी स्वतः कान लावून ऐकलंय. हीटर चालू होता. सूं सूं येत होती.”

“कुठल्या कानाने ऐकलंस?” नेटीने विचारलं.

ओरेस्टने विचार केला. त्याचा हात हळूहळू डाव्या कानाकडे गेला. चाळीस वर्षं उघड्या ट्रॅक्टरवर बसून त्या कानात कायमची सूं सूं भरली होती, चर्चमध्ये, जेवताना, झोपेतसुद्धा. त्या कानाने खांबाला ऐकलं असतं तरी खांबात हीटर सापडला असता. तो बाहेर गेला, कॉलिनच्या गाडीचा प्लग काढला, आपला लावला आणि परत आला.

“चार तास लागतील तापायला. म्हणजे अकरा,” तो म्हणाला. “त्यानंतर रस्त्याला दोन तास. तोवर फादर पुढच्या गावात पोहोचले असतील. नेटी, शेडची चावी दे. त्या शेडला विजेची वेगळी लाइन आहे, तिथून वायर ओढून दोन हीटर लावतो.”

“चावी कुठे ठेवलीये ते आठवत नाही,” नेटी म्हणाली.

“शोध की मग.”

“शोधते,” नेटी म्हणाली आणि बसून राहिली. तिला कोणी फार बोललं नाही. नवरा गेलेल्या बाईला चावी सापडत नसली तर तिला काय बोलणार?

मग सगळेच कामाला लागले. डार्लीनने केस वाळवायचं यंत्र आणलं. कॉलिनने झोपायच्या खोलीतला पंख्याचा हीटर उचलला. ओरेस्टने बॅटरीचा चार्जर काढला. इंजिनावर ताडपत्री पांघरून सगळ्या वायरी खिडकीतून आत घेतल्या आणि स्वयंपाकघरात जागा मिळेल तिथे खुपसल्या. आतमध्ये स्टॅडनिकबाईंची दोन पातेली आणि पन्नास कपांची कॉफीची टाकी आधीपासून चालूच होती. डार्लीनने यंत्राचं बटण दाबलं. घरातून एक बारीक आवाज आला आणि सगळं अंधारलं. घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीचा पंखा घरघरत थांबला.

“फ्यूज गेला,” ओरेस्ट अंधारात म्हणाला. “जास्तीचे कुठे असतात?”

“वासिलला माहीत असायचं,” नेटी म्हणाली.

कपाटात कॉफीचा एक डबा सापडला, त्यावर वासिलच्या अक्षरात ‘फ्यूज’ लिहिलं होतं. आत बटणं होती. बटणं असं लिहिलेल्या डब्यात बाटलीची बुचं होती. तिसऱ्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि आत काहीच नव्हतं. डार्लीन तो रिकामा डबा छातीशी धरून रडायला लागली, आणि बापाच्या मरणानंतर ती पहिल्यांदाच रडत होती म्हणून सगळे हातातलं काम सोडून तिच्याभोवती उभे राहिले.

“माझी दीडशे होलोप्ची गार होतायत,” थोड्या वेळाने स्टॅडनिकबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. दुःखात त्यांना मोजलेल्या गोष्टींचा आधार वाटायचा.

आठ वाजले तेव्हा ओरेस्टने कॉलिनची गाडी ट्रॅक्टरला नाक लावून उभी केली आणि बॅटरीला बॅटरी जोडली. चावी फिरवली. ट्रॅक्टरने अंथरुणातल्या जाड माणसासारखी एक कूस बदलली, अर्धी दुसरी बदलली आणि पुन्हा झोपला. कॉलिन गाडीत बसून मन लावून पेट्रोल पेटवत होता. दहा मिनिटांनी त्याने काच खाली केली. “मामा, अजून जोरात दाबू का?”

“तू ब्रेकवर पाय ठेव आणि गप्प बस,” ओरेस्ट म्हणाला. “तेच मोठं काम आहे.”

आता एकच उपाय उरला होता, त्याच्या बापाचा. हीटर नव्हते त्या काळात म्हातारा इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवायचा. तळघरात लाकडाची शेगडी होती, निखारे होते. परात नव्हती. ओरेस्ट स्वयंपाकघरात आला आणि मेणबत्तीच्या उजेडात स्टॅडनिकबाईंच्या पातेल्याकडे बघत उभा राहिला.

“नाही,” स्टॅडनिकबाई म्हणाल्या.

“विजेशिवाय ते नुसतं पातेलंच आहे, बाई.”

“तीस वर्षं त्यात मी अख्ख्या गावाला जेवू घातलंय. लग्नं, बारशी, मयतं.”

“वासिलने खाल्लंय ना त्यातलं?”

स्टॅडनिकबाईंचा चेहरा हलला. “दर वेळी तीनदा वाढून घ्यायचा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मुकाट्याने पंच्याहत्तर होलोप्ची बादलीत काढली आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. देताना तळाला चिकटलेलं एक कोबीचं पान बोटाने काढून खाल्लं.

साडेआठला इंजिनाखाली निखारे लागले. वर ताडपत्री, आत ऊब. ओरेस्टने हात घालून पाहिलं तर लोखंड खरंच कोमट लागलं. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. “अजून वीस मिनिटं,” तो कॉलिनला म्हणाला. “आमच्या बापाला अक्कल होती.” त्याच्या बापाच्या काळात ताडपत्र्या कापडाच्या होत्या आणि इंजिनाला वायरी नव्हत्या, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. ही ताडपत्री प्लास्टिकची निघाली. ती आधी मऊ झाली, मग लोंबली, मग निखाऱ्यांत उतरली. नारिंगी ज्योत आली आणि तिच्यामागोमाग नारिंगी वायरही पेटली. दोघांनी फावड्याने बर्फ टाकून विझवलं तेव्हा ट्रॅक्टरची एक बाजू काळी ठिक्कर पडली होती आणि हीटरची वायर मुळापासून वितळून गेली होती. आता चार तास काय, चार दिवसांनीही तो तापणार नव्हता.

नऊला दहा कमी होते. पूर्वेला जरा पांढरं झालं होतं. ओरेस्ट घराच्या पायरीवर बसला. पातेलं शेजारी उपडं पडलं होतं, त्याचा तळ गेला होता.

“शहरात फोन करू का, मामा?” कॉलिनने हळूच विचारलं. “गाडी तिकडून निघायच्या आत सांगितलेलं बरं.”

ओरेस्टने मान वर केली. डोळ्यांत आलेलं पाणी पापण्यांवरच गोठत होतं. “वासिल बरोबर सांगत होता,” शेवटी तो म्हणाला. “पस्तीस वर्षं सांगत होता. माणसं हसायची, मी चिडायचो. आणि बघ आता. साधा एक मैल रस्ता मला त्याच्यासाठी करता आला नाही. मे महिन्यात नेटीने ही सगळी रडारड पुन्हा करायची.” त्याने हातमोज्याने नाक पुसलं. “कर फोन.”

कॉलिन वळला तर दारात नेटी उभी होती. अंगावर वासिलचा जाड कोट, पायांत वासिलचे बूट.

“फोन नको करू,” ती म्हणाली. “किती वाजले?”

“नऊ,” कॉलिन म्हणाला. “नऊला एक कमी.”

नेटी एक मिनिट तशीच उभी राहिली. मग कोटाच्या खिशातून शेडची चावी काढली आणि चालायला लागली.

शेडचं दार बर्फातून ओढून उघडावं लागलं. आत लाल ट्रॅक्टर उभा होता, पुढे बर्फ लोटायचं पातं लावून. इंजिनावर नेटीची जुनी गोधडी घातली होती आणि तिच्याखालून एक वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. ओरेस्टने हातमोजा काढून इंजिनाला हात लावला. ते नुकत्याच उठलेल्या बिछान्यासारखं गरम होतं.

“हे कोणी लावलं?”

“मीच. रोज सहा वाजता लावते,” नेटी म्हणाली. “तो हॉस्पिटलातून रोज सहाला फोन करायचा. कसा आहेस विचारलं तर सांगायचा नाही. आधी म्हणायचा, प्लग लावलास का? मग मी जायची, लावायची, येऊन सांगायची. आता फोन येत नाही. पण सहा वाजले की उठतेच मी.”

“ह्या भंगाराला...” असं ओरेस्टने सवयीने सुरू केलं आणि सोडून दिलं. तो वर चढला, चावी फिरवली, आणि लाल ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. धुराड्यातून काळा धूर आला, मग पांढरा. भिंतीवरच्या खिळ्याची अकरा टोकं थरथरायला लागली.

वेळ फार कमी होता. ओरेस्टने पातं उचललं आणि शेडमधून थेट बाहेर काढला. कॉलिन मागून हात हलवत ओरडला, “मामा, वायर! मामा!” पण तो ओरेस्टच्या डाव्या कानाच्या बाजूला होता. वायर ताणली गेली, भिंतीपाशी तट् झालं, आणि तीस फूट नारिंगी वायर लाल ट्रॅक्टरमागे बर्फातून वळवळत निघाली. नेटीने ते पाहिलं.

ओरेस्टने तो मैल कसा कापला ते त्याचं त्यालाच माहीत. पात्याने बर्फ उडत नाही, लोटावा लागतो. थोडं पुढे, थोडं मागे, ढीग बाजूला, पुन्हा पुढे. दोनदा ट्रॅक्टर रुतला आणि दोनदा त्याने वासिलला हाक मारून शिव्या दिल्या, तो समोर असता तर दिल्या असत्या तशाच. टेकाडावर पोहोचला तेव्हा अकराला पाच कमी होते. चर्चच्या दाराशी तो एकटा होता. सगळ्यांच्या आधी आलेला.

मयताची गाडी आली, मागून गाड्यांची रांग आली, आणि रांगेतल्या प्रत्येकाने अख्खा मैल बर्फात त्या वायरची घसट आणि टेकाडावर तिचं नारिंगी शेपूट बघितलं होतं. ट्रॅक्टर दाराशी चालूच होता, कारण एवढ्या थंडीत चालू इंजिन बंद करेल तो वेडा. आत प्रार्थना सुरू झाली आणि बाहेरची धडधड भिंतीतून येत राहिली. फादर येव्हेन एकेका वाक्याला थांबत होते आणि पुढचं मोठ्याने म्हणत होते. वासिल जिवंतपणीही त्यांना एक वाक्य पुरं करू देत नसे. मयताला तीनदा म्हणतात ते चिरस्मृतीचं गाणं तिसऱ्यांदा म्हणताना मात्र आवाज फुटले आणि डार्लीन पुन्हा रडली. रिकामा डबा तिने बरोबर आणला होता.

कबरीपाशी मातीची ढेकळं गोठली होती. मूठभर टाकायला गेलं की पेटीवर दार ठोठावल्यासारखा आवाज व्हायचा. ओरेस्टने आपलं ढेकूळ टाकलं, मागे सरला आणि त्याचा पाय कशात तरी अडकला. त्याने खाली पाहिलं. नारिंगी वायर. त्याने डोळ्यांनी ती ट्रॅक्टरपर्यंत मागे नेली, मग लोकांकडे पाहिलं. सगळे जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेत दोघांचे खांदे हलत होते आणि ते दुःखाने हलत नव्हते.

“बारावं टोक,” नेटी म्हणाली.

आणि मग ती हसली. काळ्या पोशाखात, नवऱ्याच्या कबरीच्या काठावर, तोंडाला रुमाल लावून हसली, आणि हसताहसता रडायला लागली. ओरेस्टने तिला धरलं. बाकीच्यांनाही मग काय करावं ते सुचेना, आणि त्यांनी दोन्ही केलं.

चर्चच्या तळघरात गॅसची शेगडी होती, तिथे होलोप्ची गरम झाली. बादलीतली कुठली आणि पातेल्यातली कुठली हे स्टॅडनिकबाईंनी कोणालाही कळू दिलं नाही. नेटी ओरेस्टच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

“एक सांगायचंय,” ती म्हणाली. “चावी माझ्या खिशातच होती.”

ओरेस्टचा काटा हातातच राहिला.

“डिसेंबरात त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, मी थंडीत गेलो तर ओरेस्ट रस्ता करायला येईल, आणि त्याचा हिरवा चालू होणार नाही. माझा लावून ठेव. मी म्हटलं, मग त्याला आधीच सांगते. तर म्हणाला, नको. त्याला करू दे. त्याला माझ्यासाठी काहीतरी करायचं असेल, ते मध्येच काढून घेऊ नको. आपल्याकडे मयत अकराला असतं, नऊ वाजेपर्यंत थांब. नऊनंतर पात्याला वेळ पुरणार नाही.”

“दोन तास तू नुसती बसून होतीस? आणि ते पातेलं? ताडपत्री?”

“पेटवून घेशील असं नव्हता म्हणाला तो.” नेटीने त्याच्या ताटात आणखी एक होलोप्ची वाढलं. “त्यालाही सगळंच कळत नव्हतं.”

संध्याकाळी लाल ट्रॅक्टर शेडमध्ये परत उभा राहिला. डार्लीन आणि कॉलिन आत कुठूनसा मिळवलेला फ्यूज बसवत होते. सहा वाजले तशी नेटी कोट घालून बाहेर आली, शेडमध्ये गेली, वायर हातात घेतली आणि थांबली. वायरीला टोकच नव्हतं. टोक भिंतीत होतं, तुटून दोन तारा उघड्या पडलेलं. ती वायर धरून तशीच उभी राहिली, आणि पुढे काय करायचं असतं ते तिला आठवेना.

“आण इकडे,” मागून ओरेस्ट म्हणाला.

त्याने भिंतीतलं टोक ओढून काढलं, शेडमधल्या वासिलच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक कागद घेतला, त्यावर आजची तारीख घातली आणि ते खिळ्याला टांगलं. मग खिळ्यावरची आधीची अकरा टोकं एकेक करून चाचपली. सत्त्याण्णव सालचं एक चांगलं जाड निघालं, पितळी दांड्यांचं. त्याने चिठ्ठी सोडवली, चाकूने वायर सोलली, तारांना तारा पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. बोटं बधिर झाली होती, म्हणून फार वेळ लागला. नेटी टॉर्च धरून उभी होती.

“उद्या कुठे जायचंय का?” त्याने विचारलं.

“कुठे नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि वायर तिच्या हातात दिली. नेटीने प्लग लावला. दोघं थोडा वेळ थांबले. मग ओरेस्ट इंजिनापाशी वाकला, कान टेकला आणि डोळे मिटले.

“लागलाय,” तो म्हणाला. “सूं सूं येतेय.”

“दुसरा कान लाव,” नेटी म्हणाली.

ओरेस्ट उठला, ट्रॅक्टरला वळसा घालून पलीकडे गेला, टोपी वर सारली आणि दुसरा कान लावला.